मोजून घेण्यास नकार देणाऱ्यांची मोजदाद

नागपूर शहरात 'हितवाद' या इंग्रजी दैनिकाला एकही वाचक नाही, असा शोध २०१४ च्या जानेवारी महिन्यात लागला होता. १९११ साली नामदार गोखल्यांनी स्थापन केलेले हे पत्र. त्याचा प्रमाणित खप त्या वेळी साठ हजारांहून अधिक होता, आणि तो बव्हंशी या शहरातच होता. परंतु २०१३ च्या 'इंडियन रीडरशिप सर्व्हे' या वाचक-पाहणीचे आकडे बाहेर आले तेव्हा या पत्रापुढे नागपुरात शून्य मांडलेले होते. चेन्नईच्या एका अर्थविषयक दैनिकाला चेन्नईपेक्षा मणिपुरात तिप्पट वाचक असल्याचेही त्याच पाहणीत आढळून आले. देशातील अठरा वृत्तपत्रसमूहांनी संयुक्त निवेदन काढून ही पाहणी फेटाळली. त्यांत 'लोकमत'ही होता. पाहणी लहानसहान नव्हती. दोन लाखांहून अधिक कुटुंबांना प्रश्न विचारून ती तयार झालेली होती.

या प्रकरणाची त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली. मात्र त्यातील विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. चूक उघडकीस आली ती केवळ एका कारणाने: खपाची मोजणी दुसऱ्या, पूर्णपणे स्वतंत्र मार्गाने होत होती. 'ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स' ही संस्था १९४८ पासून छापलेल्या व विकल्या गेलेल्या प्रतींचा हिशेब तपासत आली आहे. छापखान्यातून किती प्रती निघाल्या हे एक वही सांगते, घरोघरी किती जणांनी 'मी हे पत्र वाचतो' असे सांगितले हे दुसरी वही सांगते. एका वहीत साठ हजार व दुसरीत शून्य असेल तर शाळकरी मुलालाही कळते की कोठेतरी पाणी मुरते आहे. दुसरी वहीच नसती तर? तर ते शून्य खरे मानले गेले असते, आणि जाहिरातदारांनी त्याप्रमाणे आपला पैसा दुसरीकडे वळविला असता.

आज वृत्तपत्रे, महाविद्यालये, शासकीय कार्यालये, ग्रंथालये ही सर्व संकेतस्थळांवर गेली आहेत, आणि तेथे बहुतेक ठिकाणी एकाच वहीवर कारभार चालला आहे. ही वही कोणती व ती कोण लिहितो, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

संकेतस्थळावर येणाऱ्यांची मोजणी दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार जुना. ज्या सर्व्हरवर संकेतस्थळ ठेवलेले असते तो आपल्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद करून ठेवतो: कोणत्या वेळी, कोणत्या पत्त्यावरून, कोणते पान मागितले गेले. कार्यालयात काम केलेल्या वाचकांनी ही बारनिशीची नोंदवही आहे असे समजावे. टपाल आले की आवकमध्ये नोंद; त्यात टपाल आणणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. दुसरा प्रकार गेल्या वीस वर्षांत रूढ झाला. २००५ मध्ये गूगलने 'अर्चिन' नावाची कंपनी विकत घेतली व त्याच वर्षी 'गूगल ॲनालिटिक्स' ही सेवा फुकट उपलब्ध करून दिली. यात पान उघडताच त्यात दडविलेला एक छोटा कार्यक्रम पाहुण्याच्याच संगणकावर किंवा फोनवर चालतो आणि तेथून तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे गूगलच्या संगणकाकडे, वर्दी पाठवतो. पाहुणा कोणत्या शहरातला, कोणत्या यंत्रावर, कोणत्या पानावरून आला, किती वेळ थांबला, कोठे गेला, अशी पुष्कळ माहिती त्या वर्दीत असते. सेवा फुकट आणि आलेख सुबक. त्यामुळे बारनिशीची वही फडताळात पडून राहिली आणि सर्वांचे डोळे या आलेखांकडे लागले.

पण या दुसऱ्या पद्धतीत एक गोम आहे. वर्दी पाहुण्याच्या यंत्रातून निघते. म्हणून ती अडविण्याचे सामर्थ्यही पाहुण्याच्याच हाती असते. २००६ मध्ये 'ॲडब्लॉक प्लस' आले, पुढे 'यूब्लॉक ओरिजिन' आले. जाहिराती व मागोवा घेणारे कार्यक्रम यांच्या पत्त्यांच्या याद्या ही साधने बाळगतात आणि त्या पत्त्यांकडे जाणारी वर्दी दारातच थांबवतात. 'ब्रेव्ह'सारखा ब्राउझर हे काम न सांगता करतो. ॲपलच्या 'सफारी'ने २०१७ पासून व 'फायरफॉक्स'ने २०१९ पासून मागोव्यावर कमीअधिक निर्बंध घातले. खुद्द गूगलनेही २०१० मध्ये, ज्यांना आपली नोंद नको असेल त्यांच्यासाठी एक जोडसाधन दिले होते. असा पाहुणा पान वाचतो, अर्ज भरतो, निकाल पाहतो. आलेखात मात्र तो नसतो. 'हितवाद'च्या वाचकासारखा तो घरात आहे आणि वहीत नाही.

असे पाहुणे किती? हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही, कारण न मोजलेल्याची मोजणी करायची आहे. पहिला विचार सुचतो तो वजाबाकीचा. बारनिशीत आहेत तेवढ्यांतून आलेखात आहेत तेवढे वजा करा; राहिले ते नकार देणारे. हा विचार चुकीचा आहे. सर्व्हरकडे येणाऱ्या मागण्यांत माणसांच्या जोडीने यंत्रांच्या मागण्याही मोठ्या प्रमाणात असतात. शोधयंत्रांचे हेर, किमती गोळा करणारे कार्यक्रम, अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर उचलून नेणारे कार्यक्रम, हे सर्व दिवसरात्र दारावर थाप मारीत असतात. त्यांतील कित्येक स्वतःला माणूसच म्हणवतात. उलट दिशेनेही चूक होते: पुष्कळ पाने मधल्या साठ्यांतून परस्पर दिली जातात आणि मूळ सर्व्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय जाळे संथ असले तर वर्दी निघण्याआधीच वाचक कंटाळून निघून जातो. त्याने काही अडविलेले नसते. त्याला फक्त वेळ नसतो.

म्हणून तिसरी वही काढावी लागते. संकेतस्थळाच्या मालकाने आपल्याच पत्त्यावरून चालणारा एक अगदी साधा कार्यक्रम पानात ठेवावा. त्याने कोणाची ओळख विचारू नये. 'येथे एक खरा ब्राउझर येऊन गेला' एवढीच खूण करावी. मागोवा घेणाऱ्यांच्या याद्यांत हा पत्ता नसतो, म्हणून तो सहसा अडविला जात नाही. यंत्रांपैकी बहुतेकांना तो चालविता येत नाही, म्हणून तीही गळतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रवेशाच्या आठवड्यात बारनिशीप्रमाणे १२,००० भेटी झाल्या. स्वतःच्या खुणेप्रमाणे ९,१०० भेटी ब्राउझरमधून झाल्या. ॲनालिटिक्सचा आलेख सांगतो, ७,६००. तेव्हा अडविणाऱ्यांची संख्या १२,००० वजा ७,६०० म्हणजे ४,४०० नव्हे, तर ९,१०० वजा ७,६०० म्हणजे १,५०० होय. प्रमाण साडेसोळा टक्के. येथवर गणित सोपे आहे. पण याच आकड्यांची यंत्रानुसार फोड केली तर चित्र पालटते. समजा, ९,१०० पैकी ८,००० भेटी फोनवरून व १,१०० संगणकावरून झाल्या. आणि आलेखात फोनवरील ७,१०० व संगणकावरील ५०० च उमटल्या. म्हणजे फोनवर अडविण्याचे प्रमाण सव्वाअकरा टक्के, तर संगणकावर जवळजवळ पंचावन्न टक्के. आलेख पाहणाऱ्या प्राचार्यांना वाटेल की संगणकावरून येणारे जेमतेम साडेसहा टक्के आहेत, त्यांच्यासाठी निराळी सोय कशाला? प्रत्यक्षात ते बारा टक्के आहेत. साडेसोळा टक्क्यांची तूट सर्वांवर सारखी पसरलेली असती तर तिने एकूण आकडा खाली आणला असता, पण आतील प्रमाणे बिघडविली नसती. तूट एकाच बाजूला साचली की प्रमाणेच खोटी ठरतात. आकडे काल्पनिक आहेत. त्यातील कल मात्र काल्पनिक नाही. अँड्रॉइड फोनवरील क्रोम ब्राउझरमध्ये अशी जोडसाधने बसविता येत नाहीत आणि आपल्याकडील बहुसंख्य लोक नेमके हेच वापरतात. संगणकावर काम करणारा, त्यातही संगणकशास्त्राचा विद्यार्थी, ती सहज बसवितो. म्हणूनच परदेशातील एखाद्या तांत्रिक संकेतस्थळावर काढलेले अडविणाऱ्यांचे प्रमाण उचलून ते यवतमाळच्या जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळाला लावणे हा निव्वळ आळस होय. प्रत्येकाने आपली मोजणी आपल्या दारात केली पाहिजे.

दोन अपुऱ्या वह्यांवरून तिसरे सत्य काढण्याची ही विद्या आपल्या देशाला नवी नाही, किंबहुना तिच्या एका महत्त्वाच्या टप्प्यावर भारतीय नाव कोरलेले आहे. सी. चंद्रशेखरन व अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी १९४९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कोलकात्याजवळील सिंगूर भागात जन्म-मृत्यूंची एक यादी निबंधकाकडे होती, दुसरी घरोघर फिरून केलेली होती, दोन्हीही अपुऱ्या. समजा, ६० जन्म दोन्ही याद्यांत सापडले, २० फक्त पहिलीत, १५ फक्त दुसरीत. मग दोन्हींतून निसटलेले किती? वीस गुणिले पंधरा, भागिले साठ: पाच. एकूण जन्म शंभर. आपल्याकडील नमुना नोंदणी पद्धती दुहेरी नोंदीच्या याच तत्त्वावर उभी आहे. ताडोबात किंवा पेंचमध्ये वाघ मोजतात तेही याच घराण्यातील गणित. पूर्वी पाऊलखुणा मोजत. सरिस्कातील वाघ संपल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यावर त्या पद्धतीवरील विश्वास उडाला. आता कॅमेऱ्यात एकदा टिपलेला वाघ पुन्हा किती वेळा टिपला जातो यावरून न टिपलेल्यांचा अंदाज बांधतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्राच्या वाट्याला ४४४ वाघ आले, ते असे.

मात्र या सूत्राला एक अट आहे, आणि माणसाच्या बाबतीत ती नेहमी अडचणीत आणते. दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. जो एका यादीतून निसटतो तोच दुसरीतूनही निसटण्याचा संभव अधिक असेल, तर सूत्र निसटलेल्यांची संख्या कमी दाखवते. चंद्रशेखरन व डेमिंग यांना याची जाणीव होती. म्हणून लोकसंख्येचे एकजिनसी गट पाडून गटवार हिशेब करावा, असे त्यांनी सुचविले. वाघ कॅमेरा टाळतो तो योगायोगाने. माणूस ठरवून टाळतो. एक मोजणी ठरवून टाळणारा दुसरीलाही दाद देत नाही. ज्याने सर्वच कार्यक्रम बंद ठेवले आहेत तो आपल्या तिसऱ्या वहीतही उमटणार नाही. तेव्हा साडेसोळा टक्के हा आकडा 'किमान एवढे' या अर्थानेच वाचावा.

ठरवून टाळण्याला आपल्याकडे इतिहासही आहे. १९३१ च्या जनगणनेच्या वेळी सविनय कायदेभंगाची चळवळ चालू होती. ११ जानेवारी १९३१ हा रविवार जनगणना-बहिष्काराचा दिवस म्हणून पाळावा, असे आवाहन काँग्रेसने केले. देशभर त्याचा परिणाम सारखा झाला नाही. गुजरातेत, विशेषतः अहमदाबादेत, तो अधिक जाणवला. म्हणजे तूट पुन्हा एका बाजूला साचलेलीच. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणखी एक उदाहरण परिचित असेल. राष्ट्रीय नमुना पाहणीत लोक आपला खर्च सांगतात तो आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात निघतो तो उपभोग, यांत दशकानुदशके मोठी तफावत राहिली आहे. २०११-१२ मध्ये पाहणीतला खर्च हिशेबातल्या खर्चाच्या निम्म्याच्या आसपास होता. तफावतीची कारणे अनेक आहेत, परंतु एक असे की श्रीमंताच्या घराचे फाटक पाहणी करणाऱ्यासाठी सहजासहजी उघडत नाही. गरीब आपला हिशेब देतो. त्याला नकार देण्याची सवय नसते.

येथे या विषयाचा नाजूक भाग येतो. नकार देणाऱ्याने नकार दिला आहे. मग त्याची मोजणी करण्याचा तरी आपणास अधिकार आहे काय? कित्येक जण म्हणतील, ज्याला लपविण्यासारखे काही नाही त्याने भिण्याचे कारण नाही. हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. कर्जाच्या चिंतेत असलेला शिक्षक रात्री एखाद्या व्याधीची माहिती वाचतो, किंवा एखादी विद्यार्थिनी वसतिगृहातील छळाची तक्रार कोठे करावी हे शोधते, यांत लपविण्यासारखा गुन्हा कोणता? तरीही ते दुसऱ्याने जाणावे असे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. त्या नवांमध्ये आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीचे तत्त्व आता कायद्याच्या पुस्तकात आहे.

पण माणसाची मोजणी आणि माणसाचा मागोवा या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि १९४८ चा जनगणना कायदा हा भेद किती नेमका ओळखतो ते पाहण्याजोगे आहे. तो कायदा नागरिकाला प्रश्नांची उत्तरे देण्यास बांधून घेतो. नकार हा त्यात अपराध आहे. पण त्याच कायद्याने जनगणनेच्या नोंदी कोणालाही पाहण्यास खुल्या नाहीत, न्यायालयात पुरावा म्हणूनही त्या चालत नाहीत. एवढेच नव्हे, रूढीने ज्या स्त्रीला पतीचे नाव घेता येत नाही तिला ते सांगण्याची सक्ती नाही, असेही त्यात नमूद आहे. (उखाण्यावाचून नाव न घेणाऱ्या आपल्या आज्यांची काळजी दिल्लीतल्या कायदेपंडितांनी घ्यावी, याचे कौतुक वाटते.) सक्ती आहे तेथे गुप्ततेची हमी आहे, मोजणी आहे तेथे मौनालाही जागा आहे. ॲनालिटिक्सचा व्यवहार याच्या नेमका उलट चालला. विचारणा नाही, आणि माहिती कोठे जाते याचा पत्ता नाही. 'माझा मागोवा घेऊ नका' अशी सभ्य सूचना ब्राउझरमधून पाठविण्याची एक सोय २००९ च्या सुमारास निघाली होती. ती मानण्याचे बंधन कोणावर नव्हते, म्हणून बहुतेकांनी ती मानली नाही. २०१९ मध्ये ॲपलने आपल्या ब्राउझरमधून ती काढूनही टाकली. विनंती धुडकावली गेल्यावर लोकांनी दाराला कडी घातली, तर त्यांना दोष कसा द्यावा?

तेव्हा तिसऱ्या वहीला मर्यादा घालून घेतली पाहिजे. किती जणांनी कडी घातली हे मोजण्यास हरकत नाही. कोणी घातली हे शोधू नये, आणि कडी उघडण्याच्या युक्त्या तर मुळीच करू नयेत. अशा युक्त्या बाजारात आहेत: गूगलची वर्दी आपल्याच पत्त्याआडून पाठविली की अडविणाऱ्या यादीला ती ओळखू येत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे माझ्या तिसऱ्या वहीसारखेच दिसते, म्हणून फरक स्पष्ट केला पाहिजे. एकीत फाटकाबाहेर उभे राहून किती घरांची फाटके बंद आहेत हे मोजले जाते. दुसरीत मागच्या भिंतीवरून आत उडी मारली जाते. बारनिशीच्या वहीतही पाहुण्याचे पत्ते असतातच. मोजणीपुरते दिवस झाले की ते पुसून टाकणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

हे सर्व कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. कारण या आलेखांवरून निर्णय होत आहेत. कोणता मजकूर 'चालतो' हे आता संपादकीय बैठकीत आकड्यांनी ठरू लागले आहे. ज्या वाचकाचा आकडा उमटतो त्याच्या आवडीला वजन येते. ज्याचा उमटत नाही त्याची आवड अस्तित्वातच नाही असे धरले जाते. एखाद्या ग्रंथालयाच्या जुन्या मराठी नियतकालिकांच्या विभागाला महिन्याला चाळीसच भेटी दिसतात म्हणून तो बंद करावा काय, हा प्रश्न येतो तेव्हा खरा आकडा चाळीस आहे की ऐंशी, याला महत्त्व आहे. जुन्या नियतकालिकांचा अभ्यासक हा बहुधा संगणकावर बसून वाचणारा, म्हणजे वरच्या हिशेबातील पंचावन्न टक्क्यांच्या गटातला.

आपल्या विद्यापीठात संख्याशास्त्राचे व संगणकशास्त्राचे शेकडो विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर एक आठवडा तिन्ही वह्या ठेवून पाहणे हे दोघा विद्यार्थ्यांचे व एका सजग अध्यापकाचे काम आहे. त्यास खर्च जवळजवळ नाही. प्रवेशाचा आठवडा व परीक्षेनंतरचा आठवडा असे दोन वेळा केल्यास अधिक बरे, कारण त्या दोन वेळी येणारा पाहुणा सारखा नसतो. निष्कर्ष प्राचार्यांच्या टेबलावर ठेवताना भेटींच्या आकड्याशेजारी 'इतके टक्के पाहुणे यात नाहीत. फोनवर इतके, संगणकावर इतके' अशी एक ओळ लिहावी, आणि ज्या दिवशी ती ओळ लिहिली त्याच दिवशी पत्त्यांची नोंद पुसून टाकावी.